दारावर लटकलेली टाकी

विद्याचा फोन आला तेव्हा मी मुकुंदवाडी स्टेशनच्या बाकावर बसून जालन्याच्या गाडीनं जाणाऱ्या पाहुण्यांच्या पिशव्या सांभाळत होतो. “काका, बाबा गेले,” ती म्हणाली. मी विचारलं, “कुठं?” ... प्रश्न मूर्खासारखा होता हे मला कळतं, पण सर नेहमी कुठंतरी गेलेलेच असायचे. गच्चीवर, शिडीवर, नाहीतर कुणाच्या तरी पत्र्यावर.  विद्या म्हणाली, “जेवले, ताक प्याले, जरा पडतो म्हणाले... अन् उठलेच नाहीत.” पाहुण्यांना त्यांच्या पिशव्यांसकट तिथंच सोडून मी रिक्षा पकडली.

अंबादास सर माझे साडू. त्यांची बायको कुसुमअक्का थोरली बहीण, माझी शोभा धाकटी. रीतीप्रमाणं मी त्यांना साडूभाऊ म्हणायला हवं होतं. पण ते हायस्कूलला भौतिकशास्त्र शिकवायचे आणि कुणाशीही बोलताना समोर फळा असल्यासारखेच बोलायचे, त्यामुळं तोंडातून ‘सर’च निघालं आणि शेवटपर्यंत तेच राहिलं. पुंडलिकनगरात पोचलो तर त्यांच्या घरासमोर गल्ली भरलेली. सर वरच्या मजल्यावर. त्यांना खाली आणायचं होतं आणि मध्ये तो जिना होता. जिना सरांनी स्वतः आखलेला. जागा वाचावी म्हणून इतका अरुंद आणि इतका उभा की लग्न झालेल्या जोडप्यालाही तो एकामागे एकच चढावा लागे. कुणी म्हणे खुर्चीत बसवून आणू, कुणी म्हणे चादरीची झोळी करू. तेवढ्यात दाराशी बसलेले सलीम मास्तर बोलले. खुलताबादच्या शाळेत ते उर्दू शिकवायचे, सरांचे अर्ध्या जन्माचे दोस्त, आता काठीशिवाय उभं राहता येत नाही. म्हणाले, “इस आदमी ने जिंदगीभर हमारे हाथ से सामान उप्पर चढ़वाया. आज पहली दफा कुछ नीचे लाने कू मिल रा.” आधी कुणाला हसावं की नाही ते कळेना. मग जिन्यावरून कुसुमअक्काच्या हसण्याचा आवाज आला, पदरातून, रडण्यात मिसळलेला, आणि सगळ्या गल्लीला मोकळीक मिळाली. शेवटी झोळी केली. सर फार हलके झाले होते... एवढ्या माणसांची गरजच नव्हती.

सरांची आणि माझी पहिली गाठ माझ्या मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात पडली. मी पाटबंधारे खात्यात नुकताच कारकून म्हणून लागलो होतो. सासुरवाडी खुलताबादची. थोरला जावई त्याच गावात मास्तर, त्यामुळं सासऱ्यांनी मला तपासायचं काम त्यांच्याकडं सोपवलेलं. तेव्हा मुलीला प्रश्न विचारायची पद्धत होती, पण इथं शोभाला कुणी काही विचारलंच नाही. सरांनी पाण्यानं भरलेली पितळी कळशी आणवली, माझ्यासमोर जमिनीवर ठेवली, मग दोन्ही हातांनी उचलून भिंतीतल्या उंच फडताळात ठेवली. धोतराला हात पुसत मला म्हणाले, “कळशीत काय बदललं?”

मी म्हणालो, “काही नाही. पाणी तेवढंच आहे.”

“नीट पाहा.”

माझे वडील माझ्याकडं असं पाहायला लागले की जणू माझी सरकारी नोकरीच आता जाणार.  “आता ती कुणाच्या डोक्यात पडली तर लागंल,” मी म्हणालो.

सरांचा चेहरा एकदम उजळला. “शाबास. मघाशी जमिनीवर होती तेव्हा लागत नव्हती. मग ही लागायची ताकद तिच्यात आली कुठनं?”

“तुम्ही उचलायला कष्ट घेतले, त्यातनं.”

ते सासऱ्यांकडं वळले. “मामा, मुलगा चांगला हाय. उचलणाऱ्याचे कष्ट याच्या ध्यानात राहतात. तुमची पोरगी सुखात राहील.” सासरे खूश झाले, पण पहिल्यांदा उठून त्यांनी कळशी खाली उतरवली. शोभा पुढं कित्येक वर्षं सांगायची की तिनं दाराआडून माझा चेहरा पाहिलाच नव्हता, सगळा वेळ ती त्या कळशीकडंच पाहत होती.

सरांचा जन्म निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शनच्या साली झाला. पळापळीत त्यांच्या आईनं पाळणा माळ्यावर चढवून ठेवला होता आणि तोही बाळासकट, असं त्यांच्या घरात सांगत. त्यामुळंच हे उंचीचं वेड लागलं, असं सलीम मास्तरांचं ठाम मत होतं. खरं कारण मला वाटतं वेगळं आहे. सरांना एक गोष्ट मनापासून अद्भुत वाटायची आणि ती इतरांना वाटत नाही याचं त्यांना दुःख व्हायचं. आपण एखादी वस्तू वर उचलतो, हात दुखतो, आणि आपल्याला वाटतं की ते कष्ट संपले, वाया गेले. ते संपत नाहीत. ती वस्तू ते धरून बसते, गप्प, दिसत नाही, गरम लागत नाही, आवाज करत नाही. दहा वर्षांनी सोडा, तेव्हाही जेवढ्यास तेवढे परत देते. “दत्ताराव, इतकं इमानदार दुसरं कोण हाय सांगा,” ते म्हणायचे. मी पाटबंधारे खात्यात असल्यामुळं धरणाच्या भिंतीआडचं पाणी हे त्यांच्या दृष्टीनं माझ्या घरचंच उदाहरण होतं, आणि ते मला दर दिवाळीला ऐकावं लागे.

शाळेत हा धडा ते सीताफळांवर शिकवत. खुलताबादेत हंगामात सीताफळं उदंड. पिकलेलं फळ खिडकीच्या कट्ट्यावरून सोडायचं, मग व्हरांड्याच्या पत्र्यावरून, मग गच्चीवरून, आणि खाली फरशीवर किती लांब उडालं त्याभोवती खडूनं गोल काढायचा. जे फुटेल ते वर्गानं खायचं, म्हणून त्या तासाला गैरहजर कुणी नसे. एकदा गच्चीवरचं फळ नेमकं हेडमास्तरांच्या पायाशी फुटलं. पांढरं धोतर गुडघ्यापर्यंत भरलं. हेडमास्तरांनी वर पाहिलं. वरून सर अदबीनं म्हणाले, “साहेब, जरा तिथंच थांबा, गोल काढायचा राहिलाय.” खाली टेप धरून सलीम मास्तर उभे होते, ते टेप तसाच सोडून नमाजाची वेळ झाली म्हणत निघून गेले, आणि त्या वेळी कसलीच नमाज नव्हती हे हेडमास्तरांनाही ठाऊक होतं. सरांकडून खुलासा मागवला गेला. सलीम मास्तर म्हणाले, “लिखो, फल अपने आप गिरा.” सर म्हणाले, “तेच लिहिणार आहे. मी फक्त सोडलं.” त्या सहामाहीत सरांना गच्चीची बंदी झाली आणि उरलेला धडा त्यांनी टेबलावर उभं राहून पुरा केला.

पुढं बदली शहरात झाली आणि सरांनी पुंडलिकनगरात प्लॉट घेऊन घर बांधलं. तेव्हा तिथं निम्मे प्लॉट मोकळे, पावसाळ्यात काळी माती चपला ठेवून घ्यायची. पाणी नळाला कधीतरी यायचं आणि आलं तरी करंगळीएवढं. घर बांधताना अक्कानं एकच गोष्ट मागितली होती. लहानपणी तिनं खुलताबादेत चढावरून डोक्यावर पाणी वाहिलेलं. ती म्हणाली, “डोक्यावर पाणी घेऊन मी लई चालले. आता ते वरून आपोआप अंगावर पडू द्या. मला न्हाणीत फवारा पाहिजे.” सरांनी मुंबईहून पितळी फवारा मागवला, बसवला, आणि अक्का पहिल्या दिवशी उभी राहिली तर त्यातून थेंब थेंब. कारण न्हाणी वरच्या मजल्यावर आणि टाकी लगेच तिच्या छतावर. पाण्याला उंचीच नव्हती. “पाणी वरून पडायला आधी वर असलं पाहिजे,” सरांनी समजावलं. अक्का म्हणाली, “ते मला शिकवू नका, ते वर करा.”

मग सरांनी गच्चीवर चार खांब उभे केले, त्यावर चौथरा घातला आणि त्यावर ठेवायला जाफर गेटच्या जुन्या बाजारातून एक लोखंडी टाकी आणली. हत्तीच्या पिल्लाएवढी. मी म्हणालो, “सर, आता प्लॅस्टिकच्या मिळतात. एक माणूस डोक्यावर घेऊन शिडी चढतो.” ते म्हणाले, “टाकी हलकी घेऊन काय उपयोग, आतलं पाणी तेवढंच जड असणार.”  टाकी जिन्यातून जाणं शक्य नव्हतं. म्हणून चौथऱ्याला तुळई बांधून तिला कप्पी टांगली आणि टाकी बाहेरून दोरीनं ओढायची ठरली. रविवार ठरला. त्याच रविवारी संध्याकाळी पैठणचे लोक विद्याला पाहायला येणार होते. अक्कानं विचारलं, “आजच कशाला?” सर म्हणाले, “दुपारपर्यंत टाकी वर, संध्याकाळी पाहुणे वर. त्यांनाही फवारा दाखवू.”

दोरीला मी, सलीम मास्तर आणि शेजारचे दोघं. सर बाजूला उभे राहून हुकूम देत होते. टाकी हातभर वर गेली की ते आम्हाला थांबवत आणि जमलेल्या लोकांना सांगत की यांनी आत्ता लावलेला जोर टाकीत जमा झाला. सलीम मास्तर दात आवळून म्हणाले, “अंबादास, जमा बाद में कर, पहले हमकू छोड़.” टाकी दाराच्या वर, पहिल्या मजल्याच्या खिडकीपर्यंत गेली आणि दोरी कप्पीच्या चाकावरून घसरून चाक आणि कप्पीच्या लोखंडी पत्तीच्या मध्ये पाचरीसारखी अडकली. टाकी वर जाईना, खाली येईना. दोरीचं टोक आम्ही समोरच्या कडुनिंबाला बांधलं आणि हात चोळत बसलो. घराला दार ते एकच. आत अक्का, विद्या आणि कांदेपोह्यांची तयारी.

अक्का खालच्या खिडकीच्या गजांशी आली. “हे काय हाय?”

“अडकली आहे,” सर म्हणाले. “पण घाबरू नको. ती आत्ता काहीच करत नाही. नुसती साठवून आहे.”

“काय साठवून हाय?”

“आम्ही सगळ्यांनी लावलेला जोर.”

“मग तो माझ्या दारावरून काढून दुसरीकडं साठवा.”

इतक्यात पैठणची जीप आली, ठरल्यापेक्षा लवकर. मुलगा, त्याचे आईवडील आणि मध्यस्थ. मध्यस्थानं वर पाहिलं, मग दाराकडं पाहिलं. “सर, आत कसं जायचं?” “आत्ता जाऊ नका,” सर म्हणाले, अगदी जिव्हाळ्यानं. पाहुण्यांना शेजारच्या ओट्यावर बसवलं. पोह्यांच्या ताटल्या गजांतून आडव्या येईनात, म्हणून अक्कानं पोहे वर्तमानपत्रात बांधून दिले आणि बाहेर अडकलेल्या शोभानं ते पुड्यापुड्यांनी वाटले. मुलाच्या आईनं पुडी हातातच धरून ठेवली. मुलाचे वडील मात्र खाऊन, हात झटकून कडुनिंबापाशी आले. मोट चालवलेला माणूस. “दोरी चाकावरनं उतरली,” ते म्हणाले. “माझ्या विहिरीवर हेच व्हायचं. वर कुणीतरी जाऊन पहारीनं उचलावं लागतं.” आणि त्यांनी कोट काढून माझ्याकडं दिला.

वर जाणार कोण? जिना घराच्या आतून. आणि आत होत्या फक्त दोघी.

विद्या नवी जांभळी साडी नेसून तयार होती. दोन मिनिटांनी ती गच्चीच्या कठड्यावर दिसली, पदर कमरेला खोचलेला, हातात पहार. चौथऱ्यावर चढली. सरांनी खालून सुरू केलं, टेकू कुठं घ्यायचा, भुजा किती लांब ठेवायची... ती वरून म्हणाली, “बाबा, तुम्ही जरा गप बसा.” तिनं तुळईवर पहार टेकवली, दोरीखाली घातली, दुसऱ्या टोकावर सगळं अंग टाकलं. टाकी जराशी वर आली, दोरी सैल पडली, तिनं ती हातानं चाकावर बसवली आणि ओरडली, “ओढा.” मुलाचे वडील, सलीम मास्तर, मी, सगळ्यांनी ओढलं, आणि टाकी एका दमात वर गेली. सर काहीच समजावून सांगत नव्हते. ते फक्त पोरीकडं पाहत होते.

मग आत रीतसर कार्यक्रम झाला. विद्याचे हात कप्पीच्या तेलानं काळे. मुलाच्या आईनं विचारलं, स्वयंपाक येतो का. काही दिवसांनी मध्यस्थ निरोप घेऊन आला, “मुलगी लई गुणाची. वडील तयार होते. पण आई म्हणतात, घर धोक्याचं वाटतं.”

अक्कानं सरांशी बोलणं टाकलं. चहा द्यायची, पण कप टेबलावर आपटून. सरांनी एकदा समजूत घालायचा प्रयत्न केला. म्हणाले, “अगं, उंची कुठून मोजायची ते आपणच ठरवतो. जमिनीला शून्य धरलं तर टाकी वर, गच्चीला शून्य धरलं तर आपण खाली. त्या लोकांनी शून्य भलतीकडं धरलं, त्याला आपण...” “शून्य-बिन्य मला सांगू नका,” अक्का म्हणाली, “पोरीचं स्थळ गेलं.” एवढं बोलून पुन्हा गप्प. त्या दुपारी सर चालत मुकुंदवाडीला आमच्याकडं आले. पाण्याचा तांब्या पुढं केला तर नुसता हातात धरून बसले. “दत्ताराव,” ते म्हणाले, “माझ्या नादापायी पोरीचं राहूनच गेलं तर?” त्यांच्याकडं ज्याचं उत्तर नाही असा प्रश्न मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला.  शोभानं त्यांना जेवायला वाढलं, ते जेवले नाहीत.

तो गुंता सोडवला विद्यानंच. माझ्यासमोर आईला म्हणाली, “आई, मी वर पहार घेऊन होते तेव्हा त्या मुलाचे वडील दोरी ओढत होते. साठीला टेकलेला माणूस. अन् हा पोहे खात होता. मदत करू का, असं एकदा तरी म्हणाला?” अक्कानं थापलेली भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, “व्हय. खात व्हता खरा. दोन पुड्या खाल्ल्या.” विद्यानं पुढं लग्न स्वतःच जमवलं, बँकेतल्या एका मुलाशी. हा जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हा सरांनी त्याला काहीच विचारलं नाही. फक्त शिडी धरायला सांगितली. त्यानं धरली.

पण या सगळ्याआधी, अक्काचा अबोला चालू असतानाच, फवाऱ्याचं राहिलं होतं. नळाला पाणी आलं, मोटार लागली, टाकी भरली. अक्का अजून बोलत नव्हती, पण टॉवेल घेऊन न्हाणीत गेली आणि कडी लावली. सर बाहेर जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले, मला ओढून शेजारी बसवलं. चावी फिरल्याचा आवाज आला आणि मग पाणी... थेंब नाही, पावसाची सर. सलग, जोराची, पत्र्यावर कोसळावी तशी सर. थोडा वेळ तेवढाच आवाज. मग आतून अक्का हसायला लागली. वयानं पन्नाशीकडं झुकलेली बाई, लहान मुलीसारखी, थांबेचना. सरांनी माझं मनगट धरलं होतं. “ऐकताय ना,” ते हळूच म्हणाले, “आपण ओढलेलं परत येतंय.” त्यांचे डोळे भरले होते. तेवढ्यात आतून, कित्येक दिवसांत पहिल्यांदा, हाक आली, “अहो, हे बंद कसं करायचं?”

सर उठून दाराशी गेले. “कशाला बंद करतेस,” ते म्हणाले. “असू दे.”

टाकी त्या एका आंघोळीत रिकामी झाली. नळाला पाणी परत यायला बरेच दिवस होते. तोवर सर रोज सकाळी शेजारच्या बोअरवरून कळशीनं पाणी आणून जिना चढत होते, आणि वाटेत भेटेल त्याला सांगत होते की हेही कष्ट वाया जाणारे नाहीत.

तेराव्यानंतर मी आणि शोभा अक्काकडं दोन दिवस राहिलो. भेटायला येणाऱ्यांसाठी चहा सारखा चालू. अक्काचे गुडघे धरलेले, म्हणून ती म्हणाली, “दत्ताराव, वरच्या फळीवरचा साखरेचा डबा काढता का?” मी हात लावला, डबा पुढं ओढला तर येईना. पुन्हा ओढला. फळीच्या कडेला लाकडी पट्टी ठोकलेली होती, अंगठ्याएवढी उंच, आणि डबा तिला अडत होता. मी खालच्या फळीकडं पाहिलं, तिलाही पट्टी. भांड्यांच्या मांडणीला, देवघराच्या कट्ट्याला, बाहेरच्या खोलीत पुस्तकांच्या कपाटाला, अक्काच्या पलंगावरच्या फळीला. सगळीकडं तीच पट्टी, रंधा मारून गुळगुळीत केलेली, वर्षानुवर्षांच्या हातांनी काळी पडलेली. इतकी वर्षं या घरात जेवलो, झोपलो, भांडलो... आणि माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

“विद्या रांगायला लागली तेव्हापासून,” अक्का म्हणाली. “मग जिथं जिथं राहायला गेलो तिथं सामान लावायच्या आधी ह्या पट्ट्या. शाळेत सीताफळं फेकायचे, पण घरात कुणाच्या अंगावर कधी चमचा पडू दिला नाय.”

चहाला उकळी येत होती. मी अजून तसाच उभा.

“ओढू नका,” ती म्हणाली. “इथं आधी थोडं वर उचलावं लागतं, मग खाली घ्यायचं.”

मी डबा वर उचलला.